पुढे १३, मागे ४२: बाबांच्या गाडीची चेन बदलताना

हा भाग मी घरी, नवापूरला, पडवीत बसून रेकॉर्ड केलाय. ऐकणाऱ्यांना मागे कावळे, टेम्पोचे हॉर्न आणि मधूनमधून आईचा आवाज येईल. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका. बोलण्यातलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरंच छाटलंय. हिशोब मात्र लिहिताना पुन्हा तपासलेत, कारण रेकॉर्डिंगमध्ये एका ठिकाणी माझा भागाकार चुकला होता आणि ते बाबांनीच पकडलं.

विषय आहे जुन्या मोटरसायकलची चेन आणि तिच्या दोन टोकांची दातेरी चक्रं, म्हणजे स्प्रॉकेट. गॅरेजमध्ये याला 'चेन सॉकेट' म्हणतात. काउंटरवर तसंच मागा, लगेच कळतं. प्रश्न साधा वाटतो: गाडीचं मॉडेल सांगायचं आणि सेट घ्यायचा. नवी गाडी असेल तर खरंच तेवढंच आहे. पण गाडी वीस-बावीस वर्षांची असेल, तिच्यावर चार मेकॅनिकचे हात फिरलेले असतील, तर आत्ता तिच्यावर जे बसलंय ते कंपनीचं आहे की कुणी बदललेलं, आणि बदललं असेल तर का, हे आधी शोधावं लागतं. मी ते शोधलं नाही. त्याची शिक्षा बाबांच्या गुडघ्याला झाली.

गाडी बाबांची. हिरो होंडा, शंभर सीसी, चार गिअर, २००१ सालची. (ती कंपनीच आता त्या नावाने राहिलेली नाही. होंडा वेगळी झाली आणि २०११ मध्ये हिरो मोटोकॉर्प असं नाव झालं. पार्ट मिळतात, अजून तरी.) बाबा तारापूर एमआयडीसीत शिफ्टला जायचे तेव्हा हीच गाडी. रिटायर झाल्यावर बोईसरचा बाजार, स्टेशन, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ताईकडे जव्हारला.

या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर बाबा बोईसरहून येत होते. एका खड्ड्यात गाडी आदळली, चेन उतरली आणि चेनकव्हरच्या आत अडकली. मागचं चाक जाम. वेग कमी होता, मागे टँकर नव्हता, म्हणून गुडघ्यावर आणि कोपरावर निभावलं. मी तेव्हा पुण्यात. फोनवर बाबा म्हणाले, "काही नाही रे, चेन उतरली फक्त." दोन महिन्यांपूर्वी ते म्हणाले होते की गाडी कटकट वाजते, आणि मी मीटिंगमधून म्हणालो होतो, "गॅरेजला दाखवा." बस, एवढंच माझं योगदान.

शनिवारी घरी आलो आणि चेनकव्हर उघडलं.

[इथे रेकॉर्डिंगमध्ये मागचं चाक हाताने फिरवल्याचा आवाज आहे. तो जुन्या चेनचा आहे, मी तेव्हाच फोनवर टिपून ठेवला होता.]

अशा गाड्यांना पूर्ण बंद चेनकव्हर असतं. किनाऱ्यावर ते फार कामाचं. आमच्याकडे वारा खारा, रस्त्याला चिखल, आणि पोरं गाडी घेऊन सरळ वाळूत जातात. उघड्या चेनचं इथे एका पावसाळ्यात लालभडक गंजकाम होतं. पण कव्हरचा तोटाही तोच: आतलं कुणाला दिसत नाही. आमच्या कव्हरच्या तळाला बोटभर काळा लगदा होता, ग्रीस आणि बारीक वाळू एकत्र. म्हणजे चेन वर्षानुवर्षं सॅंडपेपरात फिरत होती.

आता चेन किती गेलीय ते कसं बघायचं? शाळेची फूटपट्टी पुरते. या गाडीच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर. इथे कडी म्हणजे एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर. आतली जोडपट्टी एक कडी, बाहेरची जोडपट्टी दुसरी कडी. वीस कड्या मोजल्या की नवीन चेनमध्ये बरोबर १० इंच भरतात, २५४ मिलिमीटर. चेन ताणून धरायची, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवायचा आणि एकविसाव्या पिनेच्या मध्यावर वाचायचं. दोन टक्के वाढ, म्हणजे २५९ च्या आसपास आलं, की चेन बदलायची. आमची भरली २६२. तीन टक्क्यांच्या वर.

आपण म्हणतो चेन 'ताणली'. लोखंड ताणलं जात नाही इथे. प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश एकमेकांवर घासून थोडे झिजतात, आणि शंभर सांध्यांची ती झीज बेरीज होऊन चेन लांब होते. ही बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्डने मँचेस्टरमध्ये १८८० साली पेटंट केली, आणि तत्त्व आजतागायत तेच आहे. कडीची लांबी वाढली की ती स्प्रॉकेटच्या दोन दातांमधल्या खाचेत नीट बसत नाही. वर सरकते, दाताच्या टोकावर भार देते. मग दात एका बाजूने खाल्ले जातात आणि शार्कच्या परासारखे वाकडे दिसायला लागतात. आमचा पुढचा तसाच झाला होता. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायचे. जुन्या दातांवर नवी चेन घातली तर ते वाकडे दात नव्या चेनला आपल्या मापाची करून घेतात, आणि ते फार लवकर होतं. पैसे वाचवायची ही जागा नाही.

मग मी दात मोजले. खडूने एका दातावर खूण करून. पुढे १३, मागे ४२. चेनच्या पट्टीवर कोरलेला नंबर रॉकेलने पुसल्यावर वाचता आला: ४२८. कड्या १०४.

या चार आकड्यांशिवाय दुकानात जाऊ नका. त्यांचा अर्थ थोडक्यात सांगतो. ४२८ मधला पहिला ४ म्हणजे कडीची लांबी, एक अष्टमांश इंचाच्या पटीत. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच. पहिला आकडा ५ असेल (५२०, ५२५, ५३०) तर पाच अष्टमांश इंच, १५.८७५ मिलिमीटर. पुढचे दोन आकडे रुंदीचे, म्हणजे आतल्या पट्ट्यांमध्ये रोलरला किती जागा आहे ते. ४२० आणि ५२० ची रुंदी पाव इंच, ५२५ ची पाच सोळांश, ५३० ची तीन अष्टमांश. ४२८ ची रुंदीही पाच सोळांशच्या घरातली. २८ हा आकडा त्या हिशोबात नीट बसत नाही, पण चेनचे नंबर आपल्या सोयीसाठी ठरवलेले नाहीत. सोडून द्या.

धोका इथे आहे: ४२० आणि ४२८ दोन्हींची कडी अर्ध्या इंचाचीच. ४२० ची चेन ४२८ च्या जाड दातांवर बसतच नाही, त्यामुळे ती चूक दुकानातच कळते. उलटं मात्र बसतं. ४२८ ची रुंद चेन ४२० च्या पातळ दातांवर मजेत फिरते, आजूबाजूला डोलत, आणि एके दिवशी उतरते. 'बसतंय ना' ही परीक्षा इथे चालत नाही. आणि नंबरापुढे एच लिहिलेला असेल, ४२८ एच, तर पट्ट्या जाड असतात. माप तेच, चेन जरा रुंद आणि वजनदार. शंभर सीसीच्या बंद कव्हरमध्ये ती घालायची तर आतून कुठे घासत नाही ना, हे चाक फिरवून ऐकायचं.

आता माझी चूक.

गाडीच्या जुन्या पुस्तकात पुढे १४, मागे ४२ लिहिलेलं होतं. गाडीवर पुढे १३. मी लगेच निष्कर्ष काढला: कुठल्या तरी गॅरेजवाल्याने हाताला आलं ते बसवलं. सॉफ्टवेअरवाल्यांची ही जुनी खोड आहे. दुसऱ्याने लिहिलेली विचित्र ओळ दिसली की आपण 'कोण होता हा गाढव' म्हणतो आणि पुसून टाकतो. त्या ओळीशेजारी कारण लिहिलेलं नसतं, म्हणून आपण धरून चालतो की कारण नव्हतंच.

मग मी हिशोबाला बसलो. तो तुम्हालाही हवाय, म्हणून सांगतो. मागचे दात भागिले पुढचे दात. ४२ भागिले १३ म्हणजे ३.२३. गिअरबॉक्समधून बाहेर येणारा शाफ्ट ३.२३ वेळा फिरतो तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. ४२ भागिले १४ म्हणजे ३.००. ४२ भागिले १५ म्हणजे २.८०. आकडा मोठा तितका जोर जास्त आणि इंजिनची पळापळ जास्त. आकडा लहान तितकं इंजिन शांत आणि जोर कमी.

आमच्या मागच्या टायरचं माप २.७५-१८. त्याचा घेर मी जमिनीवर खडूने मोजला, साधारण १.८५ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ५४० फेरे. त्या वेळी पुढचं स्प्रॉकेट १३ दातांचं असेल तर मिनिटाला सुमारे १७४५ फेरे मारतं, १५ दातांचं असेल तर १५१० च्या आसपास. गिअरबॉक्सच्या आतले आकडे तुम्हाला माहीत असायची गरजच नाही. सगळ्या गिअरना हाच बदल सारख्याच टक्क्यांनी लागू होतो. आणि तिथेच मेख आहे: चौथा गिअर शांत केलात की पहिलाही तेवढाच जड होतो. एकट्या गिअरला हात लावता येत नाही.

अजून एक लक्षात ठेवण्यासारखं. पुढचा एक दात म्हणजे साधारण मागचे तीन दात. १४/४२ वरून पुढे १५ केलं तर गुणोत्तर पावणेसात टक्के उतरतं. तोच परिणाम मागून हवा असेल तर ४२ चे ३९ करावे लागतील. म्हणून पुढचा दात बदलणं स्वस्त आणि जोरकस. मागचा बदल महाग, पण बारीक.

मी ठरवलं, १५. नवापूर ते बोईसर रस्ता सपाट, चढ म्हणून नाही. बाबा एकटे. इंजिन शांत चालेल, ॲव्हरेज वाढेल. बाबांना विचारलं का? सांगितलं. "बाबा, कुणीतरी तुमच्या गाडीला चुकीचं सॉकेट बसवलंय, मी नीट करतो." बाबा म्हणाले, "बघ तुला पटेल तसं." आमच्या घरात या वाक्याचा अर्थ 'नको' असा होतो, हे मला अठ्ठावीस वर्षांत कळायला हवं होतं.

सपाट रस्त्यावर गाडी खरंच छान वाटली, पहिला आठवडा. पुढे ॲव्हरेजचा हिशोब ठेवला, तीन वेळा टाकी भरून. (या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे चेन सेट बदलला तरी किलोमीटर खरेच दिसतात. ज्या गाड्यांत वेग गिअरबॉक्सवरून मोजतात त्यांत आकडा खोटा होतो, ते आधी बघा.) फरक शून्य. कारण मागाहून कळलं. बाबा पूर्वी ज्या वेगाला चौथा टाकायचे तिथे आता गाडी धडधडायची, म्हणून ते तिसऱ्यातच चालवत होते. इंजिनचा वेग आहे तसाच. मी कागदावर चौथा गिअर स्वस्त केला आणि बाबांनी तो वापरायचाच बंद केला.

रक्षाबंधनाला ताईकडे जायचं होतं. आई एसटीने पुढे गेली. मी आणि बाबा गाडीवर, मी चालवतोय, बाबा मागे, टाकीवर पिशवी: सुकट, बोंबील, ताईसाठी नारळ, आणि आईने शेवटच्या मिनिटाला कोंबलेलं काय काय. बोईसरवरून चिल्हार फाटा, हायवेने मनोर, मग विक्रमगड, तिथून वर जव्हार. नवापूर समुद्रकाठी, जव्हार साधारण साडेचारशे मीटर उंचीवर. ही सगळी उंची त्या शंभर सीसीने चढायची, दोन माणसं आणि सुकट घेऊन.

विक्रमगडपर्यंत ठीक. पुढे चढ लागला आणि दुसऱ्या गिअरने मान टाकली. पहिल्यात टाकली तर चढायची, पण रडत. एका वळणावर समोर एसटी थांबली आणि मलाही थांबावं लागलं. तिथून गाडी उचलेना. अर्धा क्लच धरून ओढायचा प्रयत्न केला, तर क्लचचा जळका वास यायला लागला. १३ वरून १५ वर गेल्यावर प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर १३ टक्क्यांहून जास्त घटला होता. कागदावर १३ टक्के काही वाटत नाहीत. वळणावर, पावसात, मागे ट्रक असताना वाटतात.

बाबा काही न बोलता उतरले आणि चालायला लागले. जूनमध्ये फुटलेला तोच गुडघा घेऊन. मी रिकामी गाडी वळणाच्या वर नेऊन थांबलो आणि आरशात त्यांना लंगडत येताना बघत राहिलो. नंतर एकदा परत तसंच.

ताईकडे जेवताना विषय निघाला. भाऊजी म्हणाले, "बाबांची गाडी तर झकास चढायची, काय झालं?" तेव्हा बाबांनी सांगितलं. २०११ मध्ये ताईचं लग्न झालं, ती जव्हारला आली. पहिल्या दिवाळीला आई-बाबा फराळाचे डबे घेऊन गाडीवर निघाले आणि घाटात गाडी अशीच अडली. परत आल्यावर बाबांनी मेकॅनिकला सांगून पुढे १३ टाकून घेतला. त्यानंतर दर वेळी सेट बदलताना आठवणीने १३ च मागितला. मी तेव्हा शाळेत, मला कशाला माहीत असणार.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू म्हणालास चुकीचं आहे. मला वाटलं काहीतरी नवीन निघालं असेल."

यावर मी काय बोलणार? पॉडकास्टमध्ये इथे चार सेकंद शांतता आहे, ती कापली नाही.

तर मग परत १३ टाकायचा का? मी आधी तेच करणार होतो. पण लहान पुढच्या स्प्रॉकेटची एक किंमत असते. चेन गोल चक्राभोवती फिरते असं आपल्याला वाटतं, खरं म्हणजे ती बहुकोनाभोवती फिरते. १४ दात असतील तर प्रत्येक कडी जवळपास २६ अंशात वाकते, १३ असतील तर पावणेअठ्ठावीस, १२ असतील तर ३०. जास्त वाकणं म्हणजे पिन-बुशची जास्त घासाघीस. शिवाय बहुकोनामुळे चेनचा वेग एकसारखा राहत नाही, दर दाताला थोडा कमी-जास्त होतो. १४ दातांना हा चढउतार अडीच टक्के, १२ दातांना ३.४. तो धक्का चेनला बसतो. आणि चक्राची त्रिज्या लहान म्हणून त्याच इंजिनला चेन जास्त ताणाने ओढावी लागते. म्हणजे जोर हवा असेल तर शक्यतो पुढचा दात कमी करण्यापेक्षा मागचे वाढवावेत. खाऱ्या वाऱ्यात चेन आधीच लवकर जाते, तिला आणखी त्रास कशाला?

१४ ठेवून मागे ४४ केले तर गुणोत्तर ३.१४. बाबांच्या ३.२३ पासून जेमतेम पावणेतीन टक्के खाली, पुस्तकातल्या ३.०० पेक्षा पावणेपाच टक्के वर. मला हे आवडलं. पण कागदावर आवडण्याचा अनुभव ताजा होता, म्हणून या वेळी गाडीशेजारी बसून तीन गोष्टी तपासल्या.

पहिली, भोकं. ४४ दातांचं चक्र त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचं मिळालं. जुनं त्याच्यावर ठेवून मधलं भोक आणि बोल्टची भोकं डोळ्याने जुळवली. दुकानदार 'बसतं हो' म्हणाला तरी जुळवा. जुनं चक्र पिशवीत घालून सोबत न्या, लाजू नका.

दुसरी, चेनकव्हर. ४२ दातांच्या चक्राचा व्यास, चेनच्या मध्यरेषेवर, साधारण १७० मिलिमीटर. ४४ चा १७८. म्हणजे चेन कव्हरच्या चार मिलिमीटर जवळ येते. कव्हरच्या आत गोळाभर मळलेली कणीक चिकटवून चाक फिरवलं (आईची परवानगी नव्हती), कणकेवर चेनचा ठसा उठला आणि मागे किती जाडी उरली ते दिसलं. पुरेशी होती. पंचेचाळीसचा विचार असता तर मी केला नसता.

तिसरी, चेनची लांबी. यावर लोक सगळ्यात जास्त अडखळतात. दोन्ही चक्रांच्या मध्यांमधलं अंतर आमच्या गाडीवर सुमारे ४८ सेंटीमीटर. ते कडीच्या लांबीने भागा, दुप्पट करा, त्यात दोन्ही चक्रांच्या दातांच्या बेरजेचा अर्धा भाग मिळवा, आणि चक्रं लहानमोठी आहेत म्हणून अर्धी कडी वर. १४/४२ ला: साडेपंच्याहत्तर, अधिक २८, अधिक अर्धी, म्हणजे १०४. जुळलं. १४/४४ ला १०५ येतात. पण चेन सम कड्यांचीच जोडतात, कारण आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी आलटून पालटून येतात. विषम करायची तर मध्ये वाकडी अर्धकडी लागते, आणि ती चेनमधली सगळ्यात कच्ची जागा. तेव्हा १०४ की १०६?

डोक्यात ठेवायचा आकडा: कुठेही एक दात वाढवला की तीच चेन ठेवण्यासाठी चाक साधारण तीन मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं. दोन दात, सहा मिलिमीटर. आमच्या एक्सलच्या खाचेत पुढे तेवढी जागा होती, म्हणून १०४. १०६ घेतली असती तर चाक सुरुवातीलाच सहा मिलिमीटर मागे गेलं असतं, आणि पुढे चेन झिजून लांब होईल त्यासाठी जागा कमी उरली असती. १०४ कड्यांची चेन दोन टक्के वाढली की २६ मिलिमीटर वाढते, म्हणजे चाक १३ मिलिमीटर मागे न्यावं लागतं. तेवढी जागा नव्या चेनच्या दिवशीच मागे शिल्लक हवी.

एक किडा अजून आहे माझ्या डोक्यात, तो सांगूनच टाकतो. चेनच्या कड्या सम, मागचे दातही सम. म्हणजे प्रत्येक दाताला कायम एकाच जातीची कडी भेटते, आतली तर आतलीच. ४४ दात आणि १०४ कड्या असतील तर तीच कडी त्याच दातावर चेनच्या ११ फेऱ्यांनंतर परत येते. ४३ दात असते तर ४३ फेऱ्यांनंतर, आणि झीज सगळीकडे सारखी वाटली गेली असती. ४३ शोधायला मी बोईसर, पालघर दोन्हीकडे फिरलो. मिळालं नाही. मेकॅनिक काका म्हणाले, "एवढा विचार करण्यापेक्षा महिन्याला चेनला तेल घाल." त्यांचं बरोबर आहे.

सेट घेताना ब्रँडचं विचारतात लोक. रोलॉन आणि डायमंड ही दोन नावं आपल्याकडे कुठेही मिळतात, पहिली कोईम्बतूरची, दुसरी चेन्नईची. मला तरी ब्रँडपेक्षा बॉक्सवरचे चार आकडे वाचणं महत्त्वाचं वाटतं. मॉडेलचं नाव एकच असलं तरी वेगवेगळ्या वर्षांच्या सेटमध्ये दात बदललेले असू शकतात.

बसवताना जे बघितलं ते भराभर सांगतो. चेनलॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला. उघडं टोक पुढे ठेवलं आणि कुठे घासलं तर क्लिप निघून जाते, मग चेन. पुढच्या स्प्रॉकेटचं लॉकप्लेट आणि त्याचे दोन बोल्ट नीट कसलेत का. चाक पुढे घेतल्यामुळे मागच्या ड्रम ब्रेकच्या पॅडलला खेळ वाढतो, तो नट परत सेट करायचा. पुढे कधी चेन ताणताना चाक मागे घ्याल तेव्हा उलटं होतं, ब्रेक आपोआप आवळला जातो आणि लायनर घासत राहतो. चेनचा खेळ चाक फिरवत चार ठिकाणी बघायचा आणि जिथे चेन सगळ्यात घट्ट आहे तिथे दोन-अडीच सेंटीमीटर ठेवायचा. आमच्या मेकॅनिक काकांनी घट्ट करून दिली होती, मी ढिली केली. माणसं बसली की मागचं चाक वर येताना चेन आणखी ताणली जाते. घट्ट चेन आवाज करत नाही म्हणून छान वाटते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. आणि चेनकव्हर परत लावायच्या आधी तो तळातला लगदा खरवडून काढा, नाहीतर नव्या चेनला पहिल्या दिवसापासून वाळू.

गणपतीनंतर परत जव्हारला गेलो. मी आणि बाबा, या वेळी ते चालवत होते. पिशवी तशीच भरलेली. विक्रमगडच्या पुढे दुसरा गिअर बहुतेक ठिकाणी पुरला, दोन वळणांवर पहिला टाकावा लागला. एका ठिकाणी त्यांनी मुद्दाम चढावर गाडी थांबवली, पाय टेकले, आणि परत उचलली. उचलली गेली. मग मान न वळवता म्हणाले, "तेरासारखी नाही. पण चालेल."

घरी आल्यावर मी बाजूच्या कव्हरच्या आतून ऑइलपेंटने लिहून ठेवलंय: पुढे १४, मागे ४४, चेन ४२८, कड्या १०४. बाबांनी खाली वेगळ्या अक्षरात भर घातली आहे: जव्हारसाठी, विचारल्याशिवाय बदलू नये.

पुढच्या भागात हबमधले रबर. ते गेले की नवी चेनसुद्धा जुन्यासारखी वाजते, आणि आमचे गेलेत असा मला संशय आहे. या वेळी आधी बाबांना विचारतो.